विश्लेषण : एका आयपी पत्त्याआड किती संगणक? आणि गुन्हा घडला तर तो पत्ता कोणाचा धरायचा?

एका लॅपटॉपमध्ये चार संगणक चालवता येतात आणि चौघांनाही इंटरनेट मिळते, तेही घरच्या एकाच वाय-फायवर. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत, आयटी कंपन्यांत आणि क्लाउडच्या डेटा सेंटरमध्ये हे रोज घडते. या चार संगणकांना बाहेरच्या जगासाठी मिळून एकच पत्ता असतो. ही युक्ती फक्त प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. तुमच्या घरातला राउटर, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट आणि बहुतेकदा तुमची इंटरनेट कंपनीही तीच वापरते. त्यामुळे ‘आयपी पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला’ हे समीकरण आता चालत नाही. ते चालत नाही हे तपास यंत्रणांनी, कंपन्यांनी आणि आपणही समजून घेणे का गरजेचे आहे, याचा हा आढावा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते, स्वतःची मेमरी आणि डिस्क असते. प्रत्यक्षात हे सारे खऱ्या संगणकाकडून वाटून घेतलेले असते. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. खऱ्या संगणकाला यजमान, म्हणजे होस्ट, आणि आतल्या संगणकाला पाहुणा, म्हणजे गेस्ट, असे नाव आहे.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली ग्राहकांसाठी आणली. साध्या पीसीवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली. आज विद्यार्थी व्हर्च्युअलबॉक्स वापरतात, लिनक्सवर केव्हीएम असते, विंडोजवर हायपर-व्ही असते. क्लाउडवर भाड्याने मिळणारा ‘सर्व्हर’ हाही बहुतेक वेळा असाच एक पाहुणा असतो.

आभासी संगणकाला नेटवर्क कुठून मिळते?

हायपरव्हायजर पाहुण्याला एक आभासी नेटवर्क कार्ड देतो. ते हातात धरता येत नाही, पण आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला ते खरेच वाटते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. खऱ्या कार्डावर तो कारखान्यातच कोरलेला येतो. आभासी कार्डाला तो सॉफ्टवेअर नेमून देते. यजमानाच्या आत एक आभासी स्विचही असतो. पाहुण्यांची कार्डे त्याला जोडलेली असतात. या स्विचमधून बाहेर कसे पडायचे, यासाठी तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली ब्रिज्ड. यात पाहुणा थेट घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर बसतो. राउटरच्या दृष्टीने तो आणखी एक स्वतंत्र संगणक असतो आणि त्याला स्वतंत्र पत्ता मिळतो.

दुसरी होस्ट-ओन्ली. यात पाहुणे आपापसांत आणि यजमानाशी बोलतात, बाहेर मात्र जात नाहीत. व्हायरसचा अभ्यास किंवा हॅकिंगचा सराव करणाऱ्यांना हीच हवी असते, कारण आतले आतच राहते.

तिसरी नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवे मशीन बनवले की काही न निवडताच हीच पद्धत लागू होते. पुढची सारी गोष्ट या तिसऱ्या पद्धतीची आहे.

नॅट नेमके काय करते?

जुन्या चाळीचे उदाहरण घ्या. चाळीचा टपालाचा पत्ता एक, खोल्या शंभर. पोस्टमन दारापर्यंत येतो. कोणाचे पत्र कोणत्या खोलीत द्यायचे हे आतला माणूस पाहतो. नॅट हा तो आतला माणूस.

त्याच्याकडे एक वही असते. समजा, लॅपटॉपमधल्या पाहुण्याचा पत्ता १०.०.२.१५ आहे आणि त्याला एखादे संकेतस्थळ उघडायचे आहे. तो आपल्या पोर्ट ५०००० वरून विनंती पाठवतो. पोर्ट म्हणजे त्या संगणकातल्या एका संवादाचा क्रमांक. नॅट त्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता लिहितो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५, आणि पोर्ट ६१००० टाकतो. वहीत नोंद होते : ६१००० वर आलेले उत्तर १०.०.२.१५ च्या ५०००० ला द्यायचे. उत्तर आले की वही पाहून ते आत पोहोचते. संकेतस्थळाला आतल्या पाहुण्याचा पत्ता कधीच दिसत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आतले पत्ते जगात एकमेव असण्याची गरज उरत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये तर एकाच लॅपटॉपवरच्या प्रत्येक मशीनला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. प्रत्येकाची नॅटची वही वेगळी असल्याने भांडण होत नाही, पण त्यामुळेच ती मशीन एकमेकांना दिसतही नाहीत. त्यांना आपापसांत बोलायचे असेल तर ‘नॅट नेटवर्क’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

दुसरी गोष्ट, बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. वहीत नोंद असते ती आतून कोणी आधी बाहेर गेले तरच. पाहुण्यावर वेब सर्व्हर चालवायचा असेल तर ‘या पोर्टवर आलेले अमुक मशीनला द्या’ अशी कायमची नोंद हाताने करावी लागते. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

पत्ता कोण देतो आणि गोंधळ कधी होतो?

पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी नावाची सेवा करते. ब्रिज्डमध्ये ती घरच्या राउटरवर असते, नॅटमध्ये हायपरव्हायजरच ती चालवतो. लिनक्सवरच्या केव्हीएमचे ठरलेले नेटवर्क १९२.१६८.१२२ ने सुरू होते, व्हर्च्युअलबॉक्सचे होस्ट-ओन्ली १९२.१६८.५६ ने. असे आकडे दिसले की जाणकार लगेच ओळखतो की पलीकडे बहुधा आभासी मशीन आहे.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो कॉपी करताना. एक मशीन नीट तयार करायचे आणि त्याच्या वीस प्रती काढायच्या, ही प्रयोगशाळेची नेहमीची रीत. प्रतीबरोबर मॅक पत्ताही तसाच उतरला, तर डीएचसीपीला वीस मशीन एकच वाटतात आणि एकाचे पाकीट दुसऱ्याकडे जाऊ लागते. म्हणून प्रत काढताना नवा मॅक पत्ता घेण्याचा पर्याय असतो. लिनक्सच्या काही नव्या आवृत्त्यांत मॅक बदलूनही भागत नाही, कारण त्या डीएचसीपीला मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून आपली ओळख सांगतात. तीही नव्याने बनवावी लागते.

वाय-फायवर ब्रिज्ड पद्धत अनेकदा रुसते, त्याचे कारणही ओळखीशीच जोडलेले आहे. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याने जोडणी घेतली त्याचीच पाकिटे स्वीकारतो. मागून अनोळखी मॅकचा पाहुणा बोलू लागला की त्याला दाद मिळत नाही. मग हायपरव्हायजरला पाकिटांवरचे मॅक पत्ते बदलण्याची कसरत करावी लागते.

क्लाउडमध्ये काय वेगळे?

तत्त्व तेच, प्रमाण अफाट. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवर मशीन भाड्याने घेतले आणि आत शिरून पत्ता पाहिला, तर दिसतो तो खासगी पत्ता. जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता मशीनला ठाऊकच नसतो. तो क्लाउडच्या वेशीवर एकास एक बदलला जातो. मशीन थांबवून पुन्हा सुरू केले की सार्वजनिक पत्ता बदलतो. तो कायम ठेवायचा तर वेगळा स्थिर पत्ता मागून घ्यावा लागतो.

त्याला आता किंमतही आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर आकारणी सुरू केली. वर्षाला ती सुमारे ४४ डॉलर होते. लहान स्टार्टअपच्या दहा-बारा मशीनना असे पत्ते दिले तर बिल जाणवण्याइतके वाढते. म्हणून अनेक जण आतल्या साऱ्या मशीनना एका नॅटमागे बसवतात.

आणखी एक धोका असतो तो सोडून दिलेल्या पत्त्याचा. मशीन बंद केले, पत्ता क्लाउडला परत गेला, पण तुमच्या संकेतस्थळाचे नाव डीएनएसमध्ये अजून त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिले, तर तो पत्ता उद्या दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. तुमच्या नावाने आलेले वाचक मग त्याच्या मशीनवर पोहोचतात. भाडेकरू बदलला तरी दारावरची पाटी तशीच राहावी, तसे हे.

पत्त्यांची टंचाई का आली?

आज प्रचलित असलेला आयपीव्ही४ हा आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये ठरला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा इंटरनेट हे मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठे आणि संशोधन संस्थांचे जाळे होते, त्यामुळे वाटप सढळ हाताने झाले. एमआयटी या एका संस्थेकडे सुमारे १ कोटी ६० लाख पत्ते होते. त्यांतले काही तिने २०१७ मध्ये विकायला काढले.

टंचाईची चाहूल १९९०च्या दशकातच लागली. मे १९९४ मध्ये नॅटची कल्पना मांडणारा तांत्रिक दस्तऐवज आला, तो अल्पकालीन उपाय म्हणूनच. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठीचे पत्ते ठरले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कोणीही वापरावेत, फक्त ते इंटरनेटवर बाहेर जाणार नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागाची संस्था एपीनिक हिने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शिधावाटप सुरू केले.

त्यानंतर नॅट कंपन्यांच्या पातळीवर गेले. घरच्या राउटरला मिळणारा पत्ताही आता खासगी असू शकतो आणि सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला जातो. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा वेगळा पट्टा राखून ठेवण्यात आला. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या जोडणीचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर तुम्हीही चाळीत राहता. अल्पकालीन म्हणून आलेल्या उपायाने तीस वर्षे ओलांडली आहेत.

यात सामान्य माणसाचे काय अडते?

एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवून कंपनीने प्रत्येक ग्राहकाला हजार पोर्ट दिले, तर एका पत्त्यामागे ६४ ग्राहक बसतात. पोर्ट कमी दिले तर ग्राहक वाढतात. आता त्यांच्यापैकी एकाने एखाद्या संकेतस्थळावर उच्छाद मांडला आणि संकेतस्थळाने तो पत्ता बंद केला, तर बाकीचे त्रेसष्ट जण विनाकारण बाहेर राहतात. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असे वारंवार विचारले जाण्यामागेही काही वेळा हेच कारण असते. घरच्या सीसीटीव्हीचे चित्र फोनवर पाहताना ते कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्गे का येते, याचे उत्तरही इथेच आहे : बाहेरून तुमच्या घरात थेट येण्याची वाटच नसते.

पण सर्वात गंभीर प्रश्न तपासाचा आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बेंगळूरुच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून टाकला गेला तो त्याचा असल्याची माहिती सेवा पुरवठादाराकडून आली होती. ती चुकीची निघाली. तोवर त्याचे सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात गेले होते.

त्या प्रकरणात पत्ता आणि ग्राहक यांची जोडी लावताना चूक झाली. आज त्याच पत्त्यामागे एकाच क्षणी अनेक ग्राहक असतात, ग्राहकाच्या राउटरमागे घरातले सारे फोन असतात आणि एखाद्या लॅपटॉपमध्ये आणखी चार मशीन असतात. प्रत्येक पायरीवर एक वही आहे. एकही वही हरवली किंवा घड्याळ चुकले की माग चुकीच्या दारात जातो.

नियम काय सांगतात?

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. आभासी सर्व्हर आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाची पडताळलेली माहिती आणि त्याला दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपायचे आहेत. संगणकांची घड्याळे ठरवून दिलेल्या सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवायचीही अट आहे. दूरसंचार परवान्यांच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये बदल होऊन इंटरनेट वापराच्या नोंदी जपण्याचा काळ दोन वर्षे झाला.

मात्र साखळीचे दुसरे टोक ढिले आहे. इंटरनेट कंपनीकडे ‘या क्षणी हा पोर्ट कोणाला दिला होता’ ही वही असली, तरी विचारणाऱ्याला पोर्ट माहीत हवा. तो नोंदवायचा संकेतस्थळाने. जून २०११ मध्येच इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी शिफारस केली होती की, सर्व्हरने पत्त्याबरोबर पोर्ट आणि अचूक वेळही नोंदवावी. पण अपाची आणि एनजिन्क्स या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदीत समोरच्याचा पोर्ट येतच नाही. तो मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणजे चाळीचा पत्ता लिहिला जातो आणि खोली क्रमांक लिहायचा राहतो. वर्षानुवर्षे नोंदी जपण्याची सक्ती करायची आणि त्या नोंदीत खोली क्रमांकच नसेल, तर त्या सक्तीतून संशयितांची यादी मिळते, पुरावा मिळत नाही.

आयपीव्ही६ ने हा प्रश्न सुटेल का?

बराचसा सुटेल. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा आहे. एकूण पत्ते लिहायचे तर ३४ च्या पुढे ३७ शून्ये द्यावी लागतात. एका घरच्या नेटवर्कलाच सध्याच्या साऱ्या इंटरनेटपेक्षा कितीतरी जास्त पत्ते मिळतात. लॅपटॉपमधल्या प्रत्येक आभासी मशीनला स्वतःचा खरा पत्ता देता येतो. मधली वही लागत नाही.

भारत यात मागे नाही. २०१६ मध्ये जिओ आली ती आयपीव्ही६ वर भर देऊनच. मोबाइल ग्राहकांच्या बळावर देश जगातल्या आघाडीच्या आयपीव्ही६ वापरकर्त्यांत आहे. अडचण पलीकडच्या टोकाला आहे. फोनकडे नवा पत्ता असला तरी समोरचे संकेतस्थळ जुन्याच पत्त्यावर असेल, तर मध्ये पुन्हा भाषांतर होते आणि पुन्हा सामायिक पत्ता वापरला जातो. दूरसंचार विभागाने यासाठी पहिला राष्ट्रीय आराखडा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आणला. त्यानंतर मुदती वाढत गेल्या.

सवयही आड येते. केव्हीएमचे ठरलेले नेटवर्क आजही फक्त आयपीव्ही४ चे असते. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून नॅटवर शिकतो आणि नोकरीत तेच उभारतो. ‘नॅटमुळे सुरक्षा मिळते’ असा समजही पक्का आहे. नॅटमुळे बाहेरचा सहज आत येत नाही हे खरे, पण ते त्याचे काम नव्हे. ते काम फायरवॉलचे आहे आणि फायरवॉल आयपीव्ही६ वरही तितकीच चालते. सगळ्यांना स्वतंत्र पत्ता दिल्याने खासगीपणा जाईल, ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर ठरावीक काळाने बदलणारे तात्पुरते पत्ते हा उपाय आयपीव्ही६ मध्ये आहे आणि फोन तो वापरतातही.

मग करायचे काय?

पहिले, ज्या संकेतस्थळांवर पैसे फिरतात किंवा लोक मजकूर टाकतात, त्यांनी पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ नोंदवणे सक्तीचे व्हावे. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. सर्व्हरच्या सेटिंगमधली एक ओळ बदलावी लागते.

दुसरे, पोलिसांनी कंपनीकडे माहिती मागताना पत्ता, पोर्ट आणि वेळ ही तिन्ही द्यावीत आणि ती नसतील तर आयपी पत्त्याच्या जोरावर अटक करू नये. न्यायालयांनीही पहिल्याच सुनावणीत हा प्रश्न विचारावा. आयपी पत्ता हा तपासाचा धागा आहे. तेवढ्यावर आरोप उभा राहू शकत नाही.

तिसरे, सरकारी संकेतस्थळे, बँका आणि विद्यापीठे यांच्या निविदांत आयपीव्ही६ ची अट असावी आणि काम स्वीकारताना ती तपासली जावी. चौथे, प्रयोगशाळेतल्या आभासी मशीनवर विद्यार्थ्यांना दोन्ही पत्ते लावायला शिकवावे.

मशीन वाटून वापरण्यात काहीच गैर नाही. आजचे इंटरनेट त्यामुळेच परवडते. पण पत्ता वाटून घेतला की प्रत्येकाची नोंद अचूक ठेवण्याची जबाबदारी वाढते. ती कंपनीने, संकेतस्थळाने आणि तपास यंत्रणेने मिळून उचलली नाही, तर तिची किंमत मोजावी लागते ती ज्याने काहीच केलेले नाही अशा शेजाऱ्याला.